शेजारच्या काजूत तणनाशक मारले, आमच्या विहिरीचे काय?

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घराच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांचा काजूचा डोंगर. यंदा गवत कापायला माणसे मिळाली नाहीत म्हणून दिवाळीनंतर त्यांनी तणनाशक मारले आणि आठवड्या-दहा दिवसांत सगळा उतार तांबूस पडला. खाली ताईंची विहीर, आणि तेच पाणी त्यांची पाच वर्षांची नात पिते. दुकानदार म्हणाला, "अहो, मिठापेक्षा कमी विषारी आहे." मोबाइलवर आलेल्या व्हिडिओत सांगितले, कॅन्सर होतो. एका कार्यालयात विचारले तर उत्तर मिळाले, "सरकारमान्य आहे, काळजी नको." आता खरे कोणाचे धरायचे, आणि पाणी तपासून घ्यायचे का?

ताई, तिघेही आपापल्या जागी अगदीच खोटे बोललेले नाहीत. पण तिघांनीही तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. एकाच वेळी बरेचसे पोटात गेले तर किती घातक, हे दुकानदाराने सांगितले. या रसायनाने कॅन्सर होऊ शकतो का, त्यावर व्हिडिओ बोलला. कार्यालयाने फक्त नोंदणी झाली आहे की नाही ते सांगितले. तुम्ही मात्र विचारले होते की या डोंगरावर मारलेले हे औषध या विहिरीत उतरून या मुलीला बाधेल का. पीकसंरक्षणाच्या कामात मी २७ वर्षे गोव्यातल्या गावांत फिरते आहे. लोकांचा विश्वास उडालेला जिथे जिथे दिसला, तिथे बहुतेक वेळा हेच झाले होते: विचारले एक, सांगितले भलतेच. त्याला मी लोकांचे अज्ञान म्हणणार नाही.

आधी बाटली पाहा. शेजाऱ्यांकडे मागा, फेकून दिली असेल तर कुंपणाच्या कडेला शोधा, पण हात लावायच्या आधी हातात प्लास्टिकची पिशवी घाला. आपण सगळ्यालाच "औषध" म्हणतो आणि दुकानातही "गवत मारायचे औषध द्या" एवढेच मागतो. पण तणनाशक ही एक वस्तू नाही. मोठ्या रंगीत अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव असते, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरांत घटकाचे नाव आणि टक्केवारी असते, ती ओळ महत्त्वाची. काजूच्या डोंगरावर बहुधा ग्लायफोसेट सापडते, कधी पॅराक्वाट. भाताच्या शेतात टू-फोर-डी, प्रेटिलाक्लोर, बिसपायरिबॅक सोडियम अशी वेगळीच नावे. बाटली नाहीच मिळाली तर गवताकडे पाहून अंदाज येतो. पॅराक्वाटने कडक उन्हात दुसऱ्याच दिवशी पाने भाजल्यासारखी करपतात आणि मुळे बऱ्याचदा जिवंत राहतात. ग्लायफोसेट सावकाश चालते. गवत पिवळे पडत पडत आठवड्या-दहा दिवसांत मुळासकट मरते. तुमच्या वर्णनावरून हे ग्लायफोसेट वाटते. तरी बाटली पाहाच.

का पाहा म्हणते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यात एका बागेत गेले होते, काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी. गवतावर फवारणी करणारा एक माणूस तिथे जेवायला बसला होता. भाकरी मोडताना त्याची बोटे दिसली. उजव्या हाताची तीन नखे पांढरट-पिवळी झालेली, एक मुळापासून सुटत आलेले. पाठ दाखव म्हटले तर पंप टेकतो तिथे लालसर चट्टा. टाकीच्या झाकणाची रबरी चकती गेली होती. प्रत्येक वाकण्याबरोबर औषध मानेखाली झिरपत होते आणि तो ते घाम समजत होता. बाटली आणायला सांगितली, तर पॅराक्वाट. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे नेले, पंप बाजूला ठेवायला लावला. नखे पुढे नीट आली. पण पॅराक्वाटवर उतारा नाही, चुकून घोटभर पोटात गेले तरी फुप्फुसे निकामी होऊन माणूस जाऊ शकतो, आणि ते रिकाम्या थंडपेयाच्या बाटलीत ओतून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. युरोपीय संघात ते २००७ पासून चालत नाही. आपल्याकडे अजून विकले जाते. माझे मत स्पष्ट आहे: ते विकले जाऊ नये.

आता दुकानदाराचे मीठ. बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. हा रंग मुख्यतः प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना एकदाच दिलेल्या मात्रेवरून ठरतो, किती मात्रेत अर्धे प्राणी दगावतात त्यावरून. त्या मोजमापात ग्लायफोसेट खरोखरच मिठाहून सौम्य ठरते. त्याचे कारणही आहे: वनस्पती ज्या मार्गाने काही अमिनो आम्ले बनवतात, त्या शिकिमेट मार्गातले एक विकर ते अडवते, आणि तो मार्ग माणसाच्या पेशींत नसतोच. पण वीस वर्षे रोज थोडे थोडे अंगावर उडाले तर काय, हे त्रिकोण सांगत नाही. तो त्यासाठी बनवलेलाच नाही. शिवाय बाटलीत निव्वळ ग्लायफोसेट नसते. पानावर पसरून आत शिरावे म्हणून साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. त्यातला टॅलो अमीन जातीचा पदार्थ मासे आणि बेडकांच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षा जास्त जाचतो. युरोपीय संघाने २०१६ साली ग्लायफोसेटच्या औषधांत तो वापरण्यास मनाई केली. म्हणून ओहोळाच्या कडेला, तळीजवळ आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मी ग्लायफोसेट मारू देत नाही. (खाजनात उन्हाळ्यात मानस, म्हणजे बांधाचे दार, उघडून खारे पाणी आत घेतले की अर्धे तण आपोआप जाते. ही सोय ज्यांच्याकडे आहे त्यांनी दुकानात जायचे कारणच नाही.)

कॅन्सरचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला "माणसात कॅन्सर घडवण्याची बरीच शक्यता असलेले" या गटात घातले. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले की तशी शक्यता दिसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचेही म्हणणे तेच. लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही तर आम्ही काय करावे? पण दोघांनी बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टी तपासल्या होत्या. फुरसे विषारी आहे का, हा एक प्रश्न. ते तुमच्या उंबऱ्याशी आहे का आणि चावेल का, हा दुसरा. कर्करोग संस्था पहिल्याचे उत्तर देते. तिच्या त्याच गटात लाल मांस आहे आणि ६५ अंशांहून गरम पेयेही आहेत. नियामक संस्था मुख्यतः दुसऱ्याचे उत्तर देतात, आणि तेसुद्धा औषध लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरले जाईल असे धरून.

माणसांवरचे पुरावे कुठे आहेत, तर फवारणी करणाऱ्यांवर. अमेरिकेत ५४,००० हून अधिक फवारणी करणाऱ्यांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात ग्लायफोसेटचा कॅन्सरशी एकंदरीत संबंध दिसला नाही. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सर्वाधिक संपर्क असलेल्यांत लसिका ग्रंथींच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त निघाला. मूळ धोका लहान असल्यामुळे ४१ टक्के वाढूनही तो मोठा होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. मी याचा अर्थ असा घेते: पाठीवर पंप घेऊन हंगामामागून हंगाम फवारणाऱ्याची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर हवे. विहिरीतून जे पोहोचेल ते त्याच्या अंगावर उडणाऱ्याच्या मानाने कितीतरी कमी. नातीची काळजी करू नका असे मी म्हणत नाही, पण आधी त्या माणसाची करा.

तरीही लोक म्हणतात, हे सगळे कंपन्यांचेच शास्त्र. हा संशय हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या खटल्यांत २०१७ मध्ये ग्लायफोसेट बनवणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, आणि स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या नावाने छापलेल्या लेखनात कंपनीच्या माणसांचा हात होता हे दिसले. ग्लायफोसेट निर्धोक आहे असे सांगणारा २००० सालचा एक वारंवार उद्धृत केलेला आढावा त्या नियतकालिकाने २०२५ च्या अखेरीस मागे घेतला. पंचवीस वर्षे ज्याचा दाखला दिला, तो कागदच गेला. अशा वेळी "शास्त्रावर विश्वास ठेवा" एवढेच म्हणणे मला जमत नाही.

आणि आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जायलाही नको. काजू म्हटले की केरळातले कासरगोड आठवणारी माणसे गोव्यात आहेत. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर सुमारे वीस वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खालच्या वस्तीतल्या लोकांनी व्यंग घेऊन जन्मलेली मुले दाखवली, तेव्हा त्यांना बराच काळ सांगण्यात आले की औषध सुरक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली ती २०११ मध्ये. एंडोसल्फान कीटकनाशक होते, ग्लायफोसेटपेक्षा पूर्ण वेगळे आणि कितीतरी जहाल. एकाचे दुष्परिणाम दुसऱ्याच्या माथी मारणे चूक आहे, व्हिडिओवाले सर्रास तेच करतात. पण वरच्या डोंगरावर फवारणी आणि खाली विहीर हे चित्र तेच आहे, आणि "सुरक्षित आहे" हे शब्दही तेच. ज्याने ते एकदा ऐकले, तो दुसऱ्यांदा सहज मान डोलावणार नाही.

"सरकारमान्य" या शब्दाकडे येऊ. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी होते ती औषधाची एकट्याची नव्हे, औषध आणि पीक अशी जोडीने. भारतात ग्लायफोसेटला मान्यता आहे चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. काजू त्यात नाही. त्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरायचे. तेव्हा बाटली सरकारमान्य आहे. शेजाऱ्यांच्या डोंगरावर जे झाले ते नाही. कार्यालयातल्या माणसाने हे सांगायला हवे होते. लोकांना "काळजी नको" हे ऐकायचे नसते. नियम काय, आणि तो इथे पाळला गेला का, एवढे त्यांना हवे असते. केरळने जानेवारी २०१९ मध्ये तिरुवल्ल्याजवळ भातात फवारणी करताना दोन मजूर दगावल्यावर आपल्या राज्यात ग्लायफोसेटची विक्री थांबवली. तिथेही शेतात प्रत्यक्षात काय मिसळले गेले, हा प्रश्न होताच.

कारण शेतात लेबल कोणी वाचत नाही, आणि वाचावे असे ते छापलेलेही नसते. आतले पत्रक उलगडले की चादरीएवढा कागद, भाषांची रांग आणि मुंगीच्या पायाएवढी अक्षरे. मोजायला टोपण. "दोन टोपणे घाल, तीन घातलीस तर अजून चांगले." वर मूठभर मीठ, कुठे कपडे धुण्याची पावडर, कारण मागच्या वर्षी कोणाला तरी त्याने फरक पडला. ढवळायला काठी नसली तर हात, कोपरापर्यंत. फवारताना उडते त्यापेक्षा जास्त औषध अंगाला लागते ते मिसळताना, कारण तेव्हा ते पाणी न घातलेले, घट्ट असते. हातमोजे घालायचेच नसतील तर निदान मिसळताना तरी घाला, असे सांगायची पाळी माझ्यावर कित्येकदा आली आहे. रबरी मोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, वारा येतो त्या दिशेला पाठ, आणि घरी गेल्यावर मुलांना उचलायच्या आधी आंघोळ. हे कपडे वेगळे धुवायचे. घरातली बाई ते बाकीच्या कपड्यांबरोबर भिजवते आणि तिच्या हातांना मोजे कोणी देत नाही.

आता तुमची विहीर. ग्लायफोसेट असेल तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि ग्लायफोसेट त्यांना घट्ट चिकटून बसते. त्यामुळे ते मातीतून झिरपत खोल झऱ्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी. टू-फोर-डी असते तर मी असे म्हटले नसते. ते पाण्याबरोबर जास्त सरकते. पण चिकटलेली मातीच वाहून आली तर? खरा धोका तो आहे. गवत मुळासकट मेलेला उघडा उतार, त्यावर जूनमधला आपला पाऊस, आणि खाली कठडा नसलेली विहीर. कठडा जमिनीपासून दोन हात उंच असेल, भोवती सिमेंटचा ओटा असेल आणि वरून येणारे पाणी चर मारून बाजूला काढलेले असेल, तर माती आत येत नाही. चिऱ्याच्या विहिरीत वरच्या दोन-तीन थरांच्या सांध्यांतून पावसात पाणी गळते का तेही बघा. गळत असेल तर सांधे भरून घ्या. दिवाळीनंतर मारले म्हणजे सध्या पाऊस नाही, हा तुमच्या हातातला वेळ आहे. मातीत ते हळूहळू मोडते, कधी काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत.

पाणी तपासून घेऊ का, असे तुम्ही विचारले आहे. घ्या, पण काय तपासता ते आधी लिहून मागा. प्रयोगशाळा "कीटकनाशकांचे अवशेष" म्हणून जी एकत्रित चाचणी करतात, त्यात ग्लायफोसेट सहसा येत नाही. ते पाण्यात इतके विरघळते की त्याची पद्धतच वेगळी. पेयजलाच्या भारतीय मानकात टू-फोर-डी आणि ब्युटाक्लोर या तणनाशकांच्या मर्यादा आहेत, ग्लायफोसेटची नाही. त्यामुळे "अवशेष आढळले नाहीत" असा अहवाल हातात येईल आणि त्यात तुमचे औषध शोधलेलेच नसेल. असे कागद घेऊन निश्चिंत झालेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि पुढे कळल्यावर ती पुन्हा कोणावर विश्वास ठेवत नाहीत. "ग्लायफोसेट आणि त्याचा मोडघटक ॲम्पा यांची चाचणी करता का" असे स्पष्ट विचारा. आकडा आला तर तो कशाशी ताडायचा, हेही गोंधळाचे आहे: युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा, तर अमेरिकेत ग्लायफोसेटला ७०० मायक्रोग्रॅम. युरोपचा आकडा विषारीपणा मोजून काढलेला नाही, "पाण्यात हे असूच नये" या भूमिकेतून आलेला आहे. अमेरिकेचा आकडा आयुष्यभर रोज पिऊन अपाय होणार नाही या हिशेबाचा. तुमचा आकडा दोहोंच्या मध्ये कुठे आला तर घाबरू नका, आणि ०.१ च्या वर आला तर औषध विहिरीपर्यंत पोहोचते आहे एवढे नक्की समजा.

शेजाऱ्यांच्या काजूचे दुसरे एक टोक आहे, त्यावर कोणी बोलत नाही. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, आपण झाडावरून तोडत नाही, जमिनीवर पडलेला वेचतो. त्याचा रस भट्टीत चढवल्यावर ग्लायफोसेट वाफेबरोबर वर येत नाही, ते उडणारे रसायन नाही. हुर्राक किंवा फेणी या काजूच्या दारूत ते उतरेल ही भीती मी धरणार नाही. पण ताजा नीरो, म्हणजे बोंडूचा कच्चा रस, कोणी लोटाभर पितो, मुलांना देतो, तो उकळलेला नसतो आणि त्याची तपासणीही कोणी करत नाही. काजूसाठी मान्यताच नसल्यामुळे फवारणी आणि वेचणी यांत किती दिवस ठेवायचे, हेही कुठे लिहिलेले नाही. फवारलेल्या बागेतला नीरो मी माझ्या नातवंडांना देणार नाही.

शेजाऱ्यांशी भांडू नका. माणूस मिळत नाही ही त्यांची अडचण खरी आहे आणि मजुरी न परवडणे हा गुन्हा नाही. त्यांना सांगा की सबंध डोंगर साफ करायची गरजच नसते. बिया वेचायला सोपे जावे म्हणून झाडाच्या घेराखालची जागा स्वच्छ लागते, तेवढीच करायची. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, गवताला बी धरायच्या आधी, ग्रास कटरने एक कापणी. जानेवारीत बोंडू पडायच्या आधी फक्त घेराखाली दुसरी. कापलेले गवत आळ्यात पसरले की ओल टिकते. रानमोडी हे झुडपासारखे तण मात्र कापून भागत नाही, पाऊस ओसरताना जमीन मऊ असते तेव्हा ते उपटायला हवे. दोन-तीन घरांनी मिळून एक ग्रास कटरवाला ठरवला की तो डोंगराडोंगराने जातो आणि सर्वांनाच स्वस्त पडतो. पेडणे आणि सत्तरीत मी हे चालताना पाहिले आहे. एवढे करूनही त्यांना फवारायचेच असेल, तर तुमच्या विहिरीच्या वरचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा गवतासह तसाच सोडायला सांगा. तेच गवत वरून आलेली माती अडवते.

एक आपत्कालीन गोष्ट. फवारणी करणाऱ्याला मळमळ, तोंडात जळजळ किंवा श्वासाचा त्रास झाला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घेऊन जा; कोणते औषध, हे कळल्यावरच डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. दिल्लीच्या एम्समधले विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देते. मीठपाणी पाजून उलटी करवू नका.

नातीबद्दल एवढे करा. मे संपायच्या आत कठडा, ओटा आणि चर करून घ्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर विहीर गढूळ होते का ते बघा. झाली, तर पाणी निवळेपर्यंत तिच्यासाठी नळाचे पाणी वापरा आणि त्याच वेळी चाचणीचा नमुना भरा, निवळल्यानंतर नव्हे. उकळून उपयोग नाही, ग्लायफोसेट उकळून जात नाही. आणि बाटलीवरच्या त्या बारीक ओळीचा फोटो मला पाठवा. दुसरेच काही निघाले तर वर विहिरीबद्दल लिहिलेले बरेचसे मला बदलावे लागेल.